निष्ठेचे मोल

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत सत्कारसमारंभांना भरते येते. देवळाच्या सभामंडपात, पंचायतीच्या सभागृहात अथवा एखाद्या क्रीडामंडळाच्या अंगणात गुणवंत विद्यार्थ्यांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह दिले जाते. मुख्याध्यापक या नात्याने अशा समारंभांना आम्हांस उपस्थित राहावे लागते व प्रसंगी दोन शब्द बोलावेही लागतात. कौतुकात वावगे काहीच नाही. कष्ट करणाऱ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरविणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच होय. तथापि गेली काही वर्षे एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. व्यासपीठावरून ज्यांची नावे घेतली जातात त्यांच्या नावापुढे टक्के असतात, पगाराचा आकडा असतो, एखाद्या परदेशाचे नाव असते. अंथरुणाला खिळलेल्या आजीची शुश्रूषा करीत ज्याने परीक्षा दिली आणि जो जेमतेम उत्तीर्ण झाला, त्याचे नाव कोणी घेत नाही. त्याच्याजवळ मोजून दाखविण्यासारखे काही नसते ना! यश मोजता येते, निष्ठा मोजता येत नाही. आणि जे मोजता येत नाही ते जणू नाहीच, असे आपण सारे हळूहळू मानू लागलो आहोत.

या प्रश्नाचा विचार करताना या महिन्यात आम्ही ख्रिस्ती धर्मजीवनाकडे वळत आहोत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबादकडील आमच्या वाचकांना त्याचे किंचित नवल वाटेल. गोव्यात राहणाऱ्या माणसाला ते वाटत नाही. पेडणे आणि डिचोली हे तालुके ‘नव्या काबिजादी’तले. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ते पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता आणि येथील लोकांच्या देवधर्मात हात घालणार नाही, असे आश्वासन नव्या राज्यकर्त्यांना द्यावे लागले होते. म्हणून तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या ‘जुन्या काबिजादी’इतकी दाट ख्रिस्ती वस्ती आमच्याकडे नाही, पण जी आहे ती शेजारधर्माने नांदते. चवथीला आमच्या घरच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात आणि नाताळात त्यांच्याकडच्या नेवऱ्या आमच्याकडे येतात. पदार्थही तोच आणि त्याचे नावही तेच. आमच्या वर्गात ज्ञानदेव-तुकाराम शिकून गेलेली ख्रिस्ती मुले पुढे भेटतात तेव्हा आम्हांला त्यांच्या व इतरांच्या नमस्कारात काही अंतर दिसत नाही.

अशाच एका विद्यार्थ्याचे वडील काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. गृहस्थ तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. वीस वर्षे त्यांनी समुद्रावर काढली होती. मुलगा हुशार, बारावीला उत्तम गुण मिळविलेला. त्याच्यासाठी पोर्तुगीज पारपत्राची खटपट चालली होती. आजोबांच्या जन्माची नोंद, लग्नाची नोंद, सगळी कागदपत्रे जमवून झाली होती. आणि ऐन वेळी मुलाने घरात सांगितले की त्याला सेमिनरीत जाऊन पाद्री व्हायचे आहे.

“मास्तर,” ते गृहस्थ म्हणाले, “वीस वर्षे मी इंजिनाच्या धगीत उभा राहिलो तो कशासाठी? पाद्री लोक वाईट, असे मी म्हणत नाही. पण माझाच मुलगा का? तो तुमचे ऐकतो. त्याला दोन शब्द सांगा.”

पुढच्या रविवारी मुलगा आला. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, “सर, मी पाद्री होऊन कोणी मोठा होणार नाही, हे मला ठाऊक आहे. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कोपेलात मिसा म्हणत म्हातारा होईन. त्याचे मला वाईट वाटत नाही, आणि नेमकी त्याचीच पप्पांना भीती वाटते.”

आम्ही पेचात पडलो. एका बाजूला बापाचा वीस वर्षांचा घाम, दुसऱ्या बाजूला मुलाच्या मनातील हाक. बापाच्या कष्टाला जागणे हीही निष्ठाच आहे आणि ती सोडून देवाकडे धावणाऱ्याला देव तरी काय म्हणेल? त्या मुलाशी त्या दिवशी आणि पुढे अनेक दिवस आमचे जे बोलणे झाले, त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. कारण हा पेच केवळ ख्रिस्ती घरातला नाही.

शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. परदेशी जाणारा एक धनी आपल्या तीन चाकरांकडे आपले द्रव्य सोपवून जातो. एकाला पाच थैल्या, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ज्याची जशी ऐपत तसे. पहिला पाचाच्या दहा करतो, दुसरा दोनाच्या चार करतो. तिसरा भिऊन आपली थैली जमिनीत पुरून ठेवतो. धनी परत येऊन हिशेब घेतो. ही कथा पुष्कळांना माहीत असते, पण तिच्यातील एक बारकावा सहसा लक्षात येत नाही. दहा थैल्या पुढे करणाऱ्याला धनी ज्या शब्दांनी शाबासकी देतो, नेमक्या त्याच शब्दांनी तो चार थैल्या आणणाऱ्यालाही देतो. एका शब्दाचाही फरक नाही. आणि त्या शाबासकीत त्या चाकरांना ‘यशस्वी’ म्हटलेले नाही, ‘विश्वासू’ म्हटलेले आहे. आमच्या सत्कारसमारंभात हे कधी घडेल काय? दहावाल्याला खुर्ची पुढे आणि चारवाल्याला मागे, हीच आमची रीत.

याच दृष्टांतात निष्ठेच्या नावाने झोपा काढणाऱ्यांनाही इशारा आहे. तिसऱ्या चाकराने चोरी केली नाही, अफरातफर केली नाही. सोपविलेली थैली त्याने जशीच्या तशी परत आणली. तरी तोच दोषी ठरतो. कारण निष्ठा म्हणजे जपून ठेवणे एवढेच नव्हे, जे हाती आले त्यासाठी झिजणेही होय. ‘आम्ही फळाची अपेक्षा ठेवीत नाही’ असे म्हणत काम अर्धवट टाकणारा कारकून आणि धडा न वाचता वर्गात जाणारा शिक्षक यांना गीतेतील कर्मयोगाचा आधार घेता येत नाही, तसा या दृष्टांताचाही घेता येत नाही.

दृष्टांत ही शेवटी गोष्ट झाली. गोव्याच्या मातीत तो जगून दाखविलेल्या एका पुरुषाचे चरित्र आम्ही त्या मुलापुढे ठेवले. ते म्हणजे संत जुझे वाझ यांचे.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली येथे आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. शिक्षण सांकवाळ, बाणावली व गोव्यातील तत्कालीन विद्यालयांत झाले आणि १६७६ मध्ये त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्या काळी युरोपियन धर्मसंघ स्थानिक पाद्र्यांना आपल्यात सामावून घेत नसत. बुद्धी, विद्या आणि शील यांत कोणाहून उणे नसलेल्या मनुष्यासही एका मर्यादेपलीकडे दार बंदच असे. म्हणजे ज्याला आपण ‘करिअर’ म्हणतो त्याची वाट त्यांच्यापुढे मुळात अरुंदच होती.

त्याच सुमारास सिंहलद्वीपाकडून, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडून, वार्ता येत होत्या. डच लोकांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले होते. डच प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बेटाबाहेर घालविले, पाद्र्याला आसरा देणाऱ्यास कडक शिक्षा ठरविली आणि त्यांच्या अमलाखालील मुलखात कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. तेथील भाविक तीसएक वर्षे पाद्र्यावाचून राहिले होते. हे ऐकल्यापासून तेथे जावे असा ध्यास वाझ यांना लागला.

परंतु वरिष्ठांनी १६८१ मध्ये त्यांना पाठविले ते कानडा प्रांतात. जायचे होते दक्षिणेकडच्या बेटावर आणि आज्ञा झाली मंगळूरच्या बाजूला जाण्याची! तेथे चर्चच्या दोन अधिकारसत्तांमध्ये तंटा माजलेला होता. वाझ कुरकुर न करता गेले, तंटा मिटविण्यासाठी झटले आणि १६८४ मध्ये परत आले. पुढे जुन्या गोव्यात स्थानिक पाद्र्यांनी एकत्र येऊन जी ऑरेटरी स्थापिली होती, तिच्यात ते १६८५ मध्ये सामील झाले व तिचे प्रमुखही झाले. मान होता, आसन होते, काम होते. १६८६ मध्ये ते सर्व मागे ठेवून ते निघाले आणि १६८७ मध्ये जाफन्याच्या बाजूला पोहोचले. अंगावर पाद्र्याचा झगा नव्हता. मजुराच्या वेषात, अनवाणी, गळ्यात जपमाळ घालून हा गोव्याचा विद्वान दारोदार फिरत होता. जपमाळ पाहून कोणी ओळख दाखविली तर ते घर आपल्या माणसांचे, असे समजायचे. तेथे पोहोचताच ते हगवणीने मरणासन्न झाले होते.

पाच वर्षांनी, १६९२ मध्ये, ते डोंगराळ प्रदेशातील कँडीच्या राज्यात शिरले. तेथे बौद्धधर्मीय राजा दुसरा विमलधर्मसूर्य राज्य करीत होता. पोर्तुगिजांचे हेर म्हणून दरबारात त्यांच्यावर आरोप झाला व त्यांना कैदेत टाकण्यात आले. कैदेत त्यांनी काय केले? ते सिंहली भाषा शिकले. हळूहळू राजाची खात्री पटली की हा मनुष्य निरुपद्रवी आहे. पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच माणसांना सोडून पळू लागले. तेव्हा वाझ आणि नुकतेच गोव्याहून येऊन पोहोचलेले त्यांचे सहकारी यांनी धर्म न विचारता रोग्यांची सेवा केली, मेलेल्यांना मूठमाती दिली. त्यानंतर राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणी वावरू दिले. पुढे त्यांना बिशपपद देऊ करण्यात आले तेव्हा त्यांनी ते स्वीकारले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचा अंत झाला. गोवा सोडल्यानंतर ते कधीही परतले नाहीत.

येथे चाणाक्ष वाचक आक्षेप घेईल, आणि त्या मुलानेही तो घेतला. तो म्हणाला, “सर, पण शेवटी ते यशस्वीच झाले की! पोपांनी त्यांना संत केले.” खरे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी जानेवारी १९९५ मध्ये कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोतच त्यांना संतपद दिले. सांकवाळ येथील त्यांच्या तीर्थस्थानी आज भाविकांची रीघ लागते. पण वाचकहो, हिशेब करून पाहा. मृत्यूपासून संतपदापर्यंत तीनशे चार वर्षे गेली. ज्या सत्काराला तीनशे चार वर्षे लागतात, त्याच्या आशेवर कोणी कैदेत सिंहली भाषा शिकत नाही. सिंहलद्वीपातील पहिली नऊ-दहा वर्षे तर ते एकटे पाद्री होते. १६९५ साली कोणी त्यांना विचारले असते की ‘तुमच्या कामाचा निकाल काय?’, तर त्यांच्यापाशी सांगण्यासारखे फार थोडे होते. पाद्रीपदाची पंचवीस वर्षेही पुरी झाली नव्हती, गाठीला काही नव्हते आणि आपल्यामागे हे काम कोण चालविणार याची शाश्वती नव्हती.

आणखी एक गोष्ट आम्ही त्या मुलाला सांगितली. वाझ गोव्याहून निघाले तेव्हा त्यांच्यासोबत जुवांव नावाचा एक सेवक होता. वाझ अनवाणी चालले तेव्हा तोही चालला. जाफन्यात ते आजारी पडले तेव्हा तोही तेथेच होता. जुवांवचे नाव संतांच्या यादीत नाही, त्याच्या नावाचे तीर्थस्थान नाही. चरित्रकारांनी त्याच्यासाठी चारदोन ओळी खर्च केल्या एवढेच. पण दृष्टांतातील त्या धन्याच्या हिशेबाने पाहिले तर जुवांवला मिळणारी शाबासकी वाझ यांच्याहून एका शब्दानेही कमी असणार नाही. ज्याला वाझ व्हावयाचे असेल त्याने आधी जुवांव होण्याची तयारी ठेवावी.

निष्ठेचे फळ कोठे आणि केव्हा दिसेल, हे करणाऱ्याला ठाऊक नसते, याचे आणखी एक उदाहरण आम्हां मराठीच्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये येथेच निवर्तला. चाळीस वर्षे त्याने या भूमीवर काढली, त्यांतील बहुतेक साष्टीत. परक्या मुलखात येऊन तो मराठी शिकला आणि ओवीछंदात त्याने ‘ख्रिस्तपुराण’ रचले. मराठीचे त्यातील गुणगान मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहे. देशी लिपीचे खिळे पाडून मिळावेत, अशी विनंती त्याने १६०८ च्या पत्रातून आपल्या वरिष्ठांना केली होती. ते खिळे कधी आले नाहीत. १६१६ मध्ये राशोल येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन अक्षरांत. ज्याने मराठीवर इतके प्रेम केले त्याला आपली ओवी मराठी अक्षरांत छापलेली पाहावयास मिळाली नाही.

पुढे तर दैव आणखी फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. १६१६ आणि त्यानंतरच्या १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. जगाच्या मोजमापाने पाहिले तर लेखकाचे याहून मोठे अपयश कोणते? परंतु गोवा सोडून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या, घराघरांत ते वाचले, गायिले. त्या प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. पुढे लंडनमधील एका संग्रहात देवनागरीतील हस्तलिखितही आढळले, आणि १९५६ मध्ये मराठी वाचकाला देवनागरीत छापलेली आवृत्ती हाती घेता आली. खिळे मागणाऱ्या त्या पत्राला जणू साडेतीनशे वर्षांनी उत्तर मिळाले! हे उत्तर आणले कोणी? ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत अशा, आपली भूमी सोडून गेलेल्या परंतु आपली ओवी न सोडलेल्या घरांनी.

येथवर आल्यावर एका अवघड गोष्टीला सामोरे जाणे भाग आहे. गोव्यात राहून ख्रिस्ती निष्ठेविषयी लिहावयाचे आणि इन्क्विझिशनचे नाव घ्यावयाचे नाही, हे अप्रामाणिकपणाचे होईल. १५६० मध्ये गोव्यात ती न्यायसभा स्थापन झाली आणि १८१२ मध्ये ती कायमची बंद झाली. ती चालविणारेही स्वतःला धर्मनिष्ठच म्हणवीत होते. सोळाव्या शतकात देवळे मोडली गेली तेव्हा लोकांनी आपले देव रातोरात नदीपलीकडे नेले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून आमच्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आला. १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तो देव होडीत घालून नेणारे लोकही निष्ठावंतच होते. मग खरी निष्ठा कोणती आणि खोटी कोणती?

आम्हांला जी कसोटी सुचते ती साधी आहे. निष्ठेची किंमत कोण मोजतो ते पाहावे. इन्क्विझिशनच्या निष्ठेची किंमत दुसऱ्यांनी मोजली. घरे सोडून, देव उचलून, कैदेत पडून मोजली. सप्तकोटेश्वराला पलीकडे नेणाऱ्यांनी आपल्या निष्ठेची किंमत स्वतः मोजली. आणि जुझे वाझ यांनीही ती स्वतःच मोजली. जेथे चर्चच्या हाती सत्ता होती तो गोवा त्यांनी सोडला आणि जेथे त्यांच्या धर्माला केवळ भय होते तेथे ते गेले. तेथे त्यांना छळले ते ख्रिस्ती डचांनी आणि आसरा दिला तो बौद्ध राजाने. ज्या दिवाडीहून सप्तकोटेश्वर नार्व्याला आला, त्याच दिवाडीत १६७६ मध्ये जन्मलेले पाद्री जाकोम गोन्साल्विस १७०५ मध्ये वाझ यांना जाऊन मिळाले आणि सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथ लिहीत १७४२ मध्ये तिकडेच वारले. नार्व्याच्या धक्क्यावर उभे राहून पलीकडे दिवाडी पाहताना आम्हांला या दोन्ही प्रवासांची आठवण होते. एका तीरावरून देव निघाला, त्याच तीरावरून एक भक्तही निघाला, आणि दोघांनाही घर सोडावे लागले.

आता त्या तारवट्याच्या प्रश्नाकडे वळू. त्यांची भीती पोकळ नव्हती. पैशावाचून घर चालत नाही, हे आम्ही सरकारी नोकर तरी कसे नाकारणार? परंतु ऐहिक यशाची जमीन वाटते तितकी घट्ट नसते, हे आमच्या दोन्ही तालुक्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. चीनमधून लोहखनिजाला मागणी वाढली त्या काळात डिचोलीतील मुले दहावी-बारावी होताच ट्रकवर बसत. ट्रक घेण्यासाठी घरे कर्ज काढीत. शिक्षकाच्या पगाराला तेव्हा लोक हसत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मध्यंतरी काही सुरू झाल्या, तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सारे थांबले. अंगणात उभे राहून गंजणारे ट्रक आम्ही पाहिले आहेत. पुढे लिलाव होऊन काही खाणी सुरू झाल्या, पण मधली वर्षे कोण परत देणार? पेडण्यात मोपा येथील विमानतळाचे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. आता जमिनीच्या किमती हाच गावोगावी बोलण्याचा विषय झाला आहे. आम्ही भरभराटीच्या विरुद्ध नाही. पैसा आला म्हणून माणूस वाईट ठरत नाही आणि गेला म्हणून चांगला ठरत नाही. मात्र ज्या घरात पैशावाचून दुसरे काही उभे नव्हते, ते घर पैशाबरोबर कोसळले. आणि ज्या घरात काही वेगळे जपले गेले होते, ते ओझ्याखाली वाकले पण उभे राहिले, हे आम्ही पाहिलेले आहे.

त्या मुलाला आम्ही ‘जा’ म्हणालो नाही आणि ‘जाऊ नको’ असेही म्हणालो नाही. आम्ही त्याला वाझ यांची कानड्यातील वर्षे दाखविली. ‘तुझी हाक खरी असेल तर ती थांबून राहील, आधी पदवी पुरी कर, पप्पांचे कर्ज फिटेपर्यंत घराला हात दे, आणि मग विचार कर,’ असे आम्ही सांगितले. त्याने ते मानले. पदवी घेतली, काही काळ म्हापशास एका दुकानात हिशेबाचे काम केले आणि मग तो सेमिनरीत गेला. गोष्ट येथे गोड झाली असती तर आम्हांलाही बरे वाटले असते. पण तशी ती झाली नाही. त्याचे वडील आठवड्याच्या बाजारात भेटले तर आमच्याशी बोलतात, मात्र पूर्वीसारखे थांबून बोलत नाहीत. त्यांच्या मनातील रुखरुख आम्हांला समजते. परवा मात्र ते आपण होऊन म्हणाले, “मास्तर, पोर पत्र लिहिते हो दर महिन्याला. बोटीवर असताना मी एवढी पत्रे घरी लिहिली नव्हती.” एवढे बोलून ते पिशवी उचलून निघून गेले. मुलगा चांगला पाद्री होईल की सामान्य, त्याला मोठे चर्च मिळेल की कोपऱ्यातले कोपेल, हे आम्हांला ठाऊक नाही. आता त्याची काळजीही वाटत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत कोणी सेमिनरीत जाणार नाही आणि सिंहलद्वीपासही जाणार नाही. परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून ज्यांनी घरात मराठी टिकविली, त्या आपल्या समाजाला निष्ठा म्हणजे काय हे नव्याने सांगावयास नको. तंजावर असो, बडोदे असो की इंदूर, तेथील आजीने नातवाला मराठीतून शुभं करोति शिकविले तेव्हा त्या शिकविण्याने त्याला नोकरी मिळणार नव्हती. शेजारी म्हणतही असतील की याचा उपयोग काय? मंगळूरकडे गेलेल्या त्या ख्रिस्ती घरांनाही ख्रिस्तपुराण जपताना हेच ऐकावे लागले असेल. उपयोगाचा प्रश्न गैर नाही, पण तो एकच प्रश्न विचारीत राहिलो तर आपल्याकडे सोपविलेल्या थैल्यांपैकी निम्म्या आपण पुरूनच ठेवू.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. मुले शाळेतून घरी आली म्हणजे आपण त्यांना ‘किती गुण मिळाले?’ असे विचारतो. ते अवश्य विचारावे. पण त्याबरोबर ‘आज कोणाला दिलेला शब्द पाळलास?’ असेही कधी विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रगतिपुस्तकात मिळते. दुसऱ्याचे कोठेही लिहिलेले नसते, ते मूल स्वतःच शोधून सांगते. आणि आपण हे विचारतो आहोत असे त्याच्या ध्यानात आले की एखादे दिवशी ते आपल्यालाही तेच विचारील. त्या दिवशी देता येईल असे उत्तर आपल्यापाशी तयार असावे, एवढीच प्रार्थना.